दौलत आणि खासगी
निवृत्तीनंतरच्या संसाराचा जमाखर्च

निवृत्तीचा दिवस मोठा विलक्षण असतो. कचेरीत हारतुरे होतात, भाषणे होतात, शाल आणि श्रीफळ हाती येते. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरण्याची घाई नसते. पहिले दोन-तीन महिने हा मोकळेपणा सणासारखा वाटतो. मग एखाद्या महिन्याच्या वीस-बावीस तारखेला गृहिणी हळूच विचारते, "अहो, या वेळी बँकेतून थोडे आणखी काढावे लागतील का?" खरी निवृत्ती सुरू होते ती त्या क्षणी.

काटकसर हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. इंदूर, देवास, धार या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतून नोकरदार वर्गच अधिक. ठराविक पगारात मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने आणि दोन खोल्यांचे का होईना घर, हे सारे त्या गृहिणींनी निभावून नेले. तथापि, निवृत्तीनंतरची काटकसर निराळी असते. नोकरीच्या काळात आज ओढ लागली तरी पुढच्या बढतीची आशा असते. निवृत्तीनंतर ती आशा संपते आणि भाव मात्र वाढतच राहतात. शिवाय हा संसार किती वर्षे चालवायचा आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. पंधरा वर्षे की तीस, याचे उत्तर पंचांगात मिळत नाही.

म्हणून प्रथम एक साधे गणित लक्षात घ्यावे. बहात्तर या आकड्याला भाववाढीच्या टक्केवारीने भागले, म्हणजे खर्च किती वर्षांत दुप्पट होईल याचा अदमास येतो. भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढले तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी जे घर २५,००० रुपयांत चालते, त्याच घराला बहात्तराव्या वर्षी ५०,००० लागतील आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक लाख. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाईची जोड मिळते, त्यामुळे तेथे थोडा आधार असतो. खासगी क्षेत्रातील कामगारांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत मात्र तशी जोड नाही. २०१४ साली तिची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. ज्यांचा आधार एवढाच किंवा केवळ ठेवींचे व्याज, त्यांनी सारे व्याज खाऊन टाकणे म्हणजे बियाणे दळून पोळ्या करण्यासारखे आहे. व्याजातला काही भाग पुन्हा मुद्दलात गेलाच पाहिजे.

होळकरांच्या घरचा धडा

या बाबतीत आपल्या इंदुरापुरते बोलायचे, तर धडा घेण्यासाठी दूर जावयास नको. होळकरांच्या राज्यात जमाखर्चाचे दोन स्वतंत्र प्रवाह होते. राज्याचा महसूल, फौजेचा खर्च, कारभार ही 'दौलत', आणि राजघराण्यातील स्त्रीच्या हक्काचे उत्पन्न ती 'खासगी'. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून १७३४ साली काही गावे स्वतंत्रपणे मिळाली, तेव्हापासून ही व्यवस्था सुरू झाली. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. देशभर त्यांनी जे घाट, मंदिरे, धर्मशाळा, विहिरी बांधल्या, त्या या खासगीच्या उत्पन्नातून, असे इतिहास सांगतो. दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या म्हणूनच राज्यही चालले आणि धर्मही झाला.

निवृत्त माणसाच्या घरातही या दोन पिशव्या असाव्यात. महिन्याचा नित्य खर्च ही आपली दौलत. ज्या रकमेला नित्याच्या गरजेसाठी हात लावायचा नाही, जी आजारपणासाठी, घराच्या गळतीसाठी आणि मागे राहणाऱ्या माणसासाठी आहे, ती आपली खासगी. दोन्ही एकाच खात्यात असल्या म्हणजे खासगी कधी दौलतीत विरघळते ते कळत नाही. खाते वेगळे, पासबुक वेगळे आणि शक्य तर त्यावरचे पहिले नाव गृहिणीचे असावे. गौतमाबाईंच्या वेळी जे सुचले ते आज न सुचण्याचे कारण नाही.

वहीची पाच पाने

पुष्कळ घरांत हिशेबाची वही असते. दूध इतके, भाजी इतकी, रिक्षा इतकी, असे रोजचे टिपण केले जाते आणि महिनाअखेर बेरीज करून सुस्कारा सोडला जातो. एवढ्याने काम भागत नाही. खर्च टिपणे म्हणजे खर्च आखणे नव्हे. महिना सुरू होण्यापूर्वी वहीत पाच रकाने पाडावेत : नित्याचा खर्च, वर्षाकाठचा खर्च, औषधोपचार, देणेघेणे आणि खासगी.

यांपैकी दुसरा रकाना सर्वांत फसवा. मालमत्ता कर, विम्याचा हप्ता, वर्षाचे धान्य, घराची डागडुजी, दिवाळी ही सारी वर्षातून एकदा येतात, म्हणून आपण त्यांना 'अचानक' आलेला खर्च म्हणतो. वस्तुतः दिवाळी कधीच अचानक येत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, कर ६,०००, विमा ३०,०००, धान्याची बेगमी १२,०००, डागडुजी १२,००० आणि सणवार-आहेर १२,००० असा खर्च आहे. बेरीज झाली ७२,०००. बाराने भागल्यावर दरमहा ६,००० येतात. हे ६,००० पहिल्या तारखेलाच बाजूला काढले, तर वर्षातून पाच वेळा येणारी घालमेल एकदाही येत नाही. ज्या घरात निवृत्तिवेतन ३०,००० आहे, त्या घराने आपले उत्पन्न २४,००० च आहे असे समजून चालावे.

आणखी एक पथ्य आहे. हातात न आलेला पैसा वहीत जमेच्या बाजूला कधीही लिहू नये. थकबाकी मिळणार आहे, कज्जा आपल्या बाजूने लागणार आहे, भाऊ जमिनीचा वाटा देणार आहे, अशा आशेवर खर्च वाढवू नये. आपल्या शहरातील हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली आणि तिच्या पाच हजारांहून अधिक कामगारांची देणी वाटण्याचा मार्ग मोकळा झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षांत कित्येक कामगार हे जग सोडून गेले. हक्काचा पैसासुद्धा केव्हा येईल हे सांगता येत नाही, मग आशेच्या पैशाचे काय?

बेगमी, पण माणसे मोजून

होळी झाली की माळव्यात गव्हाची बेगमी सुरू होते. छावणीत किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून शरबती घ्यायचा, गच्चीवर ऊन दाखवायचे, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी भरायची, हा क्रम आपल्या घरांतून चालत आलेला आहे. हंगामात घेतलेला गहू स्वस्त पडतो यात संशय नाही. तथापि, निवृत्तीनंतर एक चूक घरोघर दिसते. घरातली माणसे सहाची दोन झाली, पण कोठी अजून सहांची भरली जाते. मुलगा पुण्याला, मुलगी बंगलोरला, आणि आई मात्र सवयीने चार क्विंटल गहू घेते. पावसाळ्यात त्यात किडे होतात आणि श्रावणात ते पाखडण्यात कंबर जाते.

दोन माणसांना दिवसाला चारशे ग्रॅम कणीक धरली, तर वर्षाला साधारण दीड क्विंटल गहू पुरतो. डाळी तीन महिन्यांच्याच घ्याव्यात. तेल मोठ्या डब्याचे स्वस्त दिसते, पण दोन माणसांच्या घरात उघडलेला डबा संपता संपता तेल खवट होते. शिवाय डबा मोठा असला की फोडणीचा पळाही सढळ होतो, हा अनुभव कोणीही घ्यावा. सियागंजातून घाऊक किराणा आणायचा तर तीन शेजारणींनी मिळून आणावा आणि वाटून घ्यावा. दर घाऊकचा आणि माल दोन माणसांपुरता, असे दोन्ही साधते, आणि रिक्षाचे भाडेही तिघींत विभागले जाते. चोइथराम मंडीतल्या भाजीचेही तसेच आहे. पाच किलो बटाटे स्वस्त मिळाले, पण निम्म्यांना मोड आले, तर ते स्वस्त कसले?

शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताची थालीपिठे, कोथिंबिरीच्या देठांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, ही आपल्या आजीची पाककला होती. तिच्यात दारिद्र्याची लाज नव्हती, अन्नाचा मान होता. ती पुन्हा शिकण्यासारखी आहे. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावले, एका वेळी दोन-तीन भांडी शिजवली आणि शिट्टी झाल्यावर ज्योत बारीक केली, तर गॅसची टाकी काही दिवस अधिक पुरते.

विजेचा हिशेब तर शाळकरी नातवालाही करता येईल. जुना पंखा ताशी ७५ वॅट वीज घेतो. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. नव्या पद्धतीचा कमी विजेचा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तोच वारा देतो, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट. एका पंख्यामागे महिना १६ युनिट वाचतात. मात्र ज्या खोलीत पंखा दिवसभर चालतो, तेथीलच प्रथम बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला बदलला तर त्याची किंमत आपल्या हयातीत वसूल होणार नाही! दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जाते. माळव्याच्या उन्हाळ्यात तो चार-पाच महिने पूर्ण बंद ठेवता येतो.

औषधांचा रकाना

उतारवयात किराण्याचा खर्च घटतो आणि औषधांचा वाढतो. रक्तदाब, मधुमेह, कंपवात यांची औषधे रोजची असतात आणि जन्मभराची असतात. येथे महिन्याला पाचशे रुपये वाचले तर वर्षाचे सहा हजार होतात. सरकारी जनऔषधी केंद्रांची योजना २००८ साली सुरू झाली. तेथे औषधे कंपनीच्या नावाने न मिळता मूळ द्रव्याच्या नावाने मिळतात आणि पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आपल्या डॉक्टरांना मूळ द्रव्याचे नाव आणि मात्रा ठळक अक्षरांत लिहून देण्याची विनंती करावी. संकोच बाळगू नये. मात्र त्यांना विचारल्यावाचून आपल्या मनाने गोळी बदलू नये किंवा 'आता बरे वाटते' म्हणून ती अर्धी करू नये. रक्तदाबाच्या गोळीत केलेली बचत पुढे रुग्णालयात शंभरपटीने मोजावी लागते.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान भारत योजनेचा लाभ ऑक्टोबर २०२४ पासून खुला झाला. उत्पन्नाची अट ठेवलेली नाही. योजनेच्या यादीतील रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर वर्षाला एका कुटुंबास ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. रोजची औषधे व तपासणी यांना त्याचा उपयोग होत नाही, हे ध्यानात असावे. हे कार्ड आजारी पडण्यापूर्वी काढायचे असते. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसल्यावर आधार कार्ड शोधणे हा अनुभव कोणाच्याही वाट्यास येऊ नये.

ठेव ठेवताना

निवृत्तीच्या वेळी एकरकमी मोठा पैसा हातात येतो आणि त्याच महिन्यात सल्लागारांचीही गर्दी होते. अशा वेळी पहिले सहा महिने काहीही मोठा निर्णय घेऊ नये, हा जुन्या माणसांचा सल्ला सोन्यासारखा आहे.

साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी टपाल कार्यालयात व बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख करण्यात आली. त्या वेळेपासून २०२५ अखेरपर्यंत तिचा दर ८.२ टक्के राहिला. या दराने एका लाखामागे दर तिमाहीस २,०५० रुपये हाती येतात. ठेव ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षे कायम राहतो. पती-पत्नी दोघेही साठीच्या पुढे असतील तर दोघांची स्वतंत्र खाती उघडता येतात.

कोणी दोन टक्के जास्त देतो म्हणाले की मन मोहात पडते. बँक बुडाली तर विमा किती मिळतो, हे त्या वेळी आठवावे. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच हे संरक्षण आहे आणि तेही फेब्रुवारी २०२० पासून. त्यापूर्वी सत्तावीस वर्षे ते एक लाखच होते. एकाच बँकेच्या चार शाखांत चार ठेवी ठेवल्या तरी त्या एकच धरल्या जातात. पतसंस्थांच्या किंवा कंपन्यांच्या ठेवींना तर हा विमाच नाही. आपली सारी पुंजी एकाच ठिकाणी, तेही ओळखीच्या माणसाच्या शब्दावर ठेवणे, यासारखा उधळेपणा दुसरा नाही. मोलकरणीच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसे दहा लाखांच्या बाबतीत इतकी भाबडी कशी होतात, याचे नवल वाटते.

जेथे कात्री लावू नये

काटकसर आणि चिकूपणा यांच्यामधली रेघ बारीक असली तरी स्पष्ट आहे. काटकसरीत अपव्यय कमी होतो, चिकूपणात आयुष्यच कमी होते. दूध, फळे, चष्म्याचा नंबर, दातांची कवळी, पायांत घसरणार नाही अशी चप्पल, न्हाणीघरातील कठडा, यांवर कात्री चालवू नये. कठड्याला दोन हजार रुपये लागतात, खुब्याच्या हाडाला दोन लाख. वाचनालयाची वर्गणी, महिन्यातून एखादे गाणे किंवा व्याख्यान, आणि सकाळी फिरून आल्यावर मित्रांबरोबर एक प्लेट पोहे, हाही खर्चच आहे, पण त्याच्या बदल्यात मिळणारे मन:स्वास्थ्य औषधाच्या दुकानात मिळत नाही.

देण्याघेण्याचा रकाना मात्र निग्रहाने सांभाळावा. नोकरीत असताना ज्या हाताने आहेर केला, त्याच हाताने निवृत्तीनंतरही केला पाहिजे असे नाही. कुटुंबातील सर्व लग्नांना एकच ठरावीक रक्कम देण्याचे दोघांनी ठरवून टाकावे. भेदभाव नाही, म्हणून रुसवाही नाही. मुलाला व्यवसायासाठी पैसे हवे असतील तर ते दौलतीतल्या शिल्लकेतून द्यावेत, खासगीतून कदापि नाही. "बाळ, हा पैसा तुझ्या आईच्या म्हातारपणाचा आहे", एवढे एक वाक्य शांतपणे उच्चारता आले पाहिजे. जो मुलगा आज ते ऐकून नाराज होतो, तोच पुढे त्याबद्दल कृतज्ञ राहतो.

वाचता येणारी वही

रामबागेत आमच्या परिचयाचे एक कुटुंब होते. गृहस्थ सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, हस्ताक्षर मोत्यासारखे. चाळीस वर्षांच्या वह्या त्यांच्या कपाटात सालवार लावलेल्या होत्या, त्यांत रुपयाचीही चूक नाही. एके पहाटे ते झोपेतच गेले. तेराव्यानंतर काकूंनी कपाट उघडले. वह्या होत्या, आकडे होते, पण कोणती ठेव कोठे, किल्ली कोणत्या लॉकरची, विम्याचा कागद कोठे, यांतले काहीही त्यांना ठाऊक नव्हते. "तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? मी आहे ना", असे ते प्रेमाने म्हणत आले होते. एका ठेवीवर वारसाचे नाव लावायचे राहून गेले होते. तिच्यासाठी काकूंना चौदा महिने दाखले, शपथपत्रे आणि सह्या यांच्या मागे फिरावे लागले. त्या एकदा म्हणाल्या, "वही लिहिणारा हुशार होता गं, पण त्याने मला वाचायला शिकवलंच नाही."

आणखी एक गोष्ट त्यांना पहिल्याच महिन्यात कळली. केंद्राच्या नियमांनुसार निवृत्तिवेतन अखेरच्या पगाराच्या निम्मे असते आणि कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः त्या पगाराच्या ३० टक्के. निवृत्त माणूस सदुसष्टीनंतर गेला तर हाच दर तत्काळ लागू होतो. म्हणजे ३०,००० चे १८,००० होतात. माणूस एक कमी होते, पण मालमत्ता कर, विजेचा स्थिर आकार, घराची गळती यांतले काहीही दोन-पंचमांशाने घटत नाही; घटते ते केवळ उत्पन्न, पाचातले दोन हिस्से.

म्हणून या लेखाचा शेवट एका विनंतीने करते. या रविवारी चहा झाल्यावर दोघांनी एकत्र बसावे. एका कागदावर खात्यांची नावे, ठेवींच्या मुदती, विमा, लॉकर, घराचे कागद आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक लिहावा. प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव आहे की नाही ते पाहावे. गुप्त क्रमांक त्या कागदावर लिहू नयेत. पुढचा महिनाभर घराचा सारा हिशेब, बँकेच्या खेपेसह, जो आजवर करीत नव्हता त्याने करावा. चुकला तर चुकू द्यावा, कारण सांगायला दुसरा अजून शेजारी बसलेला आहे.

आणि शेवटी १८,००० रुपयांत हे घर चालेल का, याचे गणित दोघांनी मिळून मांडावे. ते मांडताना जीभ जड होईल. तरीही मांडावे. चालत नसेल, तर कमी पडणारी रक्कम किती, तेवढीच आपली खासगी किती असावी याचे उत्तर आहे. रामबागेतल्या काकू आज त्यांच्या वहीत पाच रकाने पाडून स्वतःचा हिशेब स्वतः लिहितात. त्यांचे अक्षर मोत्यासारखे नाही, पण ती वही त्यांनी आपल्या सुनेला वाचायला शिकविली आहे.